वृंदाच्या हातातला थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. अंगावर निळा पत्रा, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात बूच आणि पोटात काच. मित्रांनो, पाहणाऱ्याला माझा पत्रा दिसतो, पण माझे सगळे बळ आतल्या काचेत असते. भट्टीजवळ घामाने निथळणाऱ्या एका कारागिराने ती काच फुंकली. त्याने मला उजेडाकडे धरून नीट पाहिले, मान डोलावली आणि तो पुढच्या काचेकडे वळला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्हा वस्तूंना एकमेकींचे बोलणे ऐकू येते. माणसांना ते ऐकू येत नाही. येत असते तर मी सांगतो आहे ती हकीकत घडलीच नसती.

मला सरलाबाई सोहोनी यांनी विकत घेतले. कलकत्त्याच्या दक्षिणेला नदीकाठी बजबज नावाचे गाव आहे. तिथल्या तागाच्या एका गिरणीत त्यांचे यजमान विनायकराव इंजिनिअर होते. यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती. विनायकरावांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी पुण्याहून कलकत्त्याच्या गार्डन रीच भागात आले आणि इथलेच होऊन गेले. त्यामुळे विनायकरावांनी पुण्यापेक्षा बंगालच जास्त पाहिलेला. त्यांची एकुलती एक मुलगी वृंदा घरात मराठी बोलायची, पण रागावली की बंगालीत शिरायची. मग सरलाबाई म्हणायच्या, "आधी मराठीत भांड, मग ऐकते तुझं."

विनायकरावांना तरुणपणापासून मधुमेह होता. रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने इन्सुलिनचे इंजेक्शन घेत. प्रवासाला निघाले की औषधाची बाटली बर्फात ठेवून माझ्या पोटात घालत. एरवी मी ताक भरून त्यांच्याबरोबर गिरणीत जायचो आणि त्यांच्या खोलीच्या खिडकीत बसायचो.

त्या खिडकीतून ताग मऊ करणारे मोठे यंत्र दिसायचे. त्याला लोखंडी दातेरी रोलर होते, एकावर एक फिरणारे. त्यांच्या तोंडात तागाच्या जुड्या सारायच्या. ते काम जयप्रकाश नावाचा बिहारी कामगार करायचा. गळ्यात तुळशीची कंठी, ओठांवर कायम गुणगुणणे. दुपारी तो खिडकीशी येऊन माझ्या टोपीवर टिचकी मारायचा. "मट्ठा है, साहब?" विनायकराव हसून त्याला पेलाभर ताक द्यायचे.

यंत्राच्या तोंडावर एक लोखंडी जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. पण तिच्यात ताग अडकायचा आणि यंत्र थांबवावे लागायचे. १९६९ च्या उन्हाळ्यात गिरणीचे मोठे साहेब इंग्रजीत म्हणाले, "ती जाळी काढून टाका."

"साहेब, धोका आहे," विनायकराव म्हणाले.

"तात्पुरती काढा. वेगळी करून घेऊ."

विनायकरावांनी स्वतः उभे राहून जाळी काढवली. वेगळी जाळी काही आली नाही. दुपारच्या सुटीत यंत्र थांबायचे आणि मला म्हणायचे, "अरे, माझं तोंड उघडं पडलंय. सांग की कुणाला तरी!" मी कोणाला सांगणार? मी आपला ताक थंड ठेवत बसायचो.

एके दिवशी ओल्या तागाबरोबर जयप्रकाशचा हात आत ओढला गेला. त्यापुढचे मी पाहिले आहे, पण तुम्हांला सांगणार नाही. इस्पितळात पोचण्याआधीच तो गेला. त्या संध्याकाळी यंत्र नुसते कण्हत होते. "माझी चूक का रे? माझी चूक का?" एवढेच विचारत होते. आणि त्याच संध्याकाळी विनायकराव पाना घेऊन आले. साहेबांच्या हुकमाने त्यांनी जुनी जाळी पुन्हा जागेवर बसवली. एक स्क्रू त्यांच्या हातून खाली पडला, तो बराच वेळ त्यांना सापडेना.

दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली. कामगार दारू पिऊन कामावर आला होता, त्यामुळे अपघात झाला.

घरी सरलाबाईंना सगळे कळले. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही यात एक शब्द बोलायचा नाही. नोकरी गेली तर तुमचं औषध कुठून आणायचं? वृंदाचं काय?" विनायकरावांनी ताट पुढे सारले. वृंदाने विचारले, "बाबा, काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. गिरणीत अपघात झाला." त्या दिवसापासून त्यांनी मला कामावर नेणे बंद केले. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर रिकामा बसून राहिलो.

आठवड्याने कामगारांनी घेराव घातला. त्या वर्षांत कलकत्त्यात हा शब्द पोराटोरांच्या तोंडी होता. साहेब आणि इंजिनिअर कचेरीत, आणि बाहेर चहूबाजूंनी माणसेच माणसे. आत अन्न नाही, पाणी मोजके, पंखे बंद. मागणी एकच होती. जयप्रकाश प्यायला नव्हता आणि यंत्राला जाळी नव्हती, हे सर्वांसमोर सांगा. पोलीस रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहत होते.

घेराव सकाळी विनायकराव कामावर गेल्यावर सुरू झाला. दुसरा दिवस उजाडला आणि त्यांचे इंजेक्शन चुकले. सरलाबाई औषध घेऊन फाटकाशी गेल्या. कोणी त्यांना आत सोडले नाही. त्या परत आल्या तेव्हा चपला कुठे राहिल्या हेही त्यांच्या ध्यानात नव्हते.

"म्हणाले, साहेबांच्या बायका पण खोटं बोलतात," एवढेच त्या बोलल्या आणि जमिनीवर बसल्या.

वृंदा चौदा वर्षांची होती. तिने मला फळीवरून काढले. "आई, मी जाते."

"वेडी आहेस का? बॉम्ब फुटतायत रोज!"

"इंजेक्शनशिवाय बाबा किती वेळ राहतील?"

सरलाबाईंना उत्तर ठाऊक होते. त्या उठल्या, बर्फाची लादी पोत्यात गुंडाळली आणि बत्त्याने फोडू लागल्या. प्रत्येक घावाबरोबर त्या रडत होत्या. मग त्यांनी बर्फात औषधाची बाटली ठेवली, माझे बूच घट्ट लावले आणि सुईचा डबा वृंदाच्या पिशवीत घातला.

मित्रांनो, बजबजची जूनमधली दुपार कशी असते! रस्त्यावरचे डांबर पायाला चिकटत होते. माझा पत्रा तव्यासारखा तापला. मी आतला गारवा कसाबसा धरून होतो. वृंदाने मला छातीशी कवटाळले होते. तिच्या काळजाची धडधड माझ्या काचेला जाणवत होती.

फाटकाशी पोचताच कोणीतरी ओरडले, "डिब्बे में क्या है?" गर्दी झटकन मागे सरकली. डबा म्हटले की लोकांना तेव्हा बॉम्बच आठवायचा. कामगारांचा पुढारी श्यामसुंदर हात पसरून पुढे झाला. "कोई हाथ मत लगाना! लड़की, नीचे रख!"

वृंदाने मला खाली ठेवले नाही. तिने टोपी काढली, बूच उपसले आणि बर्फाचे पाणी ओंजळीत घेऊन सगळ्यांसमोर प्यायली. "दवा है," ती म्हणाली. "मेरे बाबा की."

श्यामसुंदरचा हात खाली आला, पण तो वाटेतून हलला नाही. "जयप्रकाश मरा, तब तेरे बाबा कहाँ थे?"

वृंदाने मला आणखी घट्ट धरले. तेव्हा कचेरीच्या पायरीवर बसलेली एक बाई उठून आली. ती जयप्रकाशची बायको प्रेमलता होती. कपाळ पांढरे, डोळे कोरडे.

"किसकी बेटी है?"

"सोहोनी साहब की."

प्रेमलताने मला वृंदाच्या हातांतून काढून घेतले. मला वाटले, आता ही मला जमिनीवर आपटणार. तिने आपटले असते तरी मी तिला दोष दिला नसता. तिने माझ्या टोपीवरून बोट फिरवले.

"यही है वो? घर आकर बताता था, साहब मट्ठा पिलाते हैं।" मग मला परत देत म्हणाली, "जा, दवा दे दे। लेकिन अपने बाप से एक बात पूछ। मेरा आदमी पीकर आया था?"

कचेरीत विनायकराव जमिनीवर पडले होते. ओठ सुकलेले, श्वास जोरजोरात चाललेला, नजर ओळख न देणारी. कोपऱ्यात मोठे साहेब फाइलने वारा घेत होते. वडिलांना रोज इंजेक्शन घेताना पाहून वृंदाला सगळे पाठ झाले होते. तिने औषध भरले आणि स्वतःच टोचले. मग माझ्यातले थंड पाणी थेंब थेंब त्यांच्या तोंडात घातले आणि त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली. उन्हे कलली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

तिने मराठीत विचारले. तिथे दुसऱ्या कोणाला मराठी कळत नव्हते.

"बाबा, तो माणूस दारू प्यायला होता?"

विनायकरावांनी डोळे मिटले. "नाही."

"मग?"

"जाळी नव्हती यंत्राला. मी काढवली होती. आणि तो गेल्यावर मीच परत बसवली."

वृंदाने त्यांचे डोके हळूच जमिनीवर टेकवले आणि ती खिडकीकडे जाऊन उभी राहिली. तिची पाठ वडिलांकडे होती. ती रडत होती की काय, मला दिसले नाही. मग ती वळली.

"बाहेर सांगाल?"

"सांगितलं तर सगळं जाईल, वृंदा. घर, नोकरी. हे औषधसुद्धा."

"ती बाई पायरीवर बसलीय, बाबा. तिने मला आत सोडलं."

साहेब इंग्रजीत ओरडले, "ही पोरगी काय म्हणतेय?" विनायकराव वृंदाच्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि व्हरांड्यात गेले. गर्दी शांत झाली. त्यांचा आवाज फुटत होता, पण शब्द स्वच्छ होते.

"जयप्रकाश ने शराब नहीं पी थी। मशीन पर जाली नहीं थी। बड़े साहब ने कहा और मैंने निकलवाई। उसके मरने के बाद मैंने ही वापस लगाई।"

मग एक दगड आला आणि विनायकरावांच्या भुवईला लागला. वृंदा त्यांच्यापुढे उभी राहिली, मला ढालीसारखे धरून. दुसरा दगड उचलला गेला होता.

"बस!" प्रेमलता किंचाळली. ती तिथेच पायरीवर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. हळूहळू माणसांनी वाट करून दिली. घेराव उठला.

मित्रांनो, खरे बोलल्यावर सगळे चांगले होते असे मी तुम्हांला सांगणार नाही. विनायकरावांची नोकरी आठवडाभरात गेली. मोठ्या साहेबांची फक्त बदली झाली. गिरणीने दिलेले क्वार्टर रिकामे करताना गिरणीच्या माणसांनी सामान भराभर बाहेर फेकले. मी जिन्यावरून गडगडत गेलो आणि माझी काच फुटली. सोहोनी कुटुंब कलकत्त्यात डमडमला एका खोलीत राहायला गेले. फाटकावरची नोटीस मात्र उतरवली गेली. प्रेमलताला मिळाले ते एवढेच.

गावी कायमची परत जाण्याआधी ती एकदा डमडमला आली. माझी काच फुटल्याचे तिच्या कानावर आले होते; हातात मातीची सुरई होती. "दवा इसमें ठंडी रहेगी," ती दारातूनच म्हणाली. सरलाबाईंनी सुरई घेतली. त्यांनी तिला बस म्हटले नाही. ती निम्मा जिना उतरून गेली, तेव्हा सरलाबाई धावत बाहेर आल्या आणि कठड्यावरून ओणवून म्हणाल्या, "सुनो, चाय पीकर जाओ।" दोघी चहा प्यायल्या.

पुढची दोन वर्षे फार कठीण गेली. विनायकराव मिळेल ते काम करत. शहरात आज बंद, उद्या गोळीबार. १९७१ च्या पावसाळ्यात दुकाने बंद होती, औषध वेळेवर मिळाले नाही आणि त्यात ते गेले. सरलाबाई एका शाळेत शिवण शिकवू लागल्या. विनायकरावांनी योग्य केले, असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

एकदा तांदूळ निवडताना वृंदाने विचारले, "आई, मी त्या दिवशी बाबांना विचारलं नसतं तर?"

सरलाबाईंचे बोट ताटात थांबले. "तर ते आज असते."

वृंदा उठू लागली. सरलाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवले. "ऐक पुढचं. नोटीस लागल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी रोज ते ताट उचलत होते. आणि मी त्यांना गप्प बस म्हणत होते. तू नाही, मी." मग बराच वेळ त्या दोघी एकाच ताटातले खडे वेचत राहिल्या.

आता मी फळीवर असतो. वृंदा शिकून नोकरीला लागली आहे. ती मला पुसून ठेवते. मला दुसरे काही नको.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कोणी रोजचे औषध घेत असेल, तर ते संपायच्या आत आणून ठेवा. आणि घरातले एखादे माणूस भरल्या ताटावरून उठू लागले, तर जवळ बसून विचारा, काय सलते आहे? ते म्हणेल, काही नाही. तेवढ्यावर उठून जाऊ नका. पुन्हा विचारा.