बोटांची उसवण

सून घरात येऊन तीन महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत सासूला तिच्याबद्दल दोनच गोष्टी कळल्या होत्या. एक, ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. दोन, तिला बोलायला पैसे पडतात. सासूचं नेमकं उलट. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तोंडात चार टाचण्या धरूनसुद्धा ती गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा मारू शकायची. मुलगा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणजे घरात या दोघी आणि दोघींच्या मध्ये ही एवढी शांतता.

एका दुपारी सासू काळ्या दोऱ्याचं रीळ आणायला आतल्या खोलीत गेली. सुनेला त्या दिवशी सुट्टी होती. ती खिडकीशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या डाव्या हातात पत्त्यांचा कॅट होता. उजवा हात नुसता लोंबत होता, त्याचं काही कामच नव्हतं. डाव्या हातातला कॅट मधोमध उघडला, खालचा अर्धा भाग दारासारखा उभा राहिला, वरचा त्याच्या खाली सरकला आणि सगळं पुन्हा मिटलं. पान उलटावं इतकाच आवाज. मग पुन्हा. आणि पुन्हा.

सासू उंबऱ्यातच थिजली. चाळीस वर्षं हातांवर पोट भरलेली बाई ती. हात काय काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे अशी तिची समजूत होती. हात असंही करतात हे तिला आता, अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं.

"अगं बाई!"

सून दचकली. बावन्न पत्ते फरशीवर.

"आई, जुगार नाही हो. मी कधी पैसे लावून..."

"जुगार गेला खड्ड्यात. कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणीच नाही. मोबाइलवर बघून बघून. चार वर्षं झाली."

सासू खाली बसून पत्ते गोळा करायला लागली. शेवटचा पत्ता उचलून म्हणाली, "मला शिकव."

सुनेला वाटलं, नव्याची नवलाई, चार दिवसांत उतरेल. पण सासू दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून समोर येऊन बसली. सुनेने तिच्या हातात कॅट ठेवला. "हे बघा, पत्ते तळहाताला टेकवायचे नाहीत. वर, बोटांच्या टोकांवर धरायचे. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला ही दोन बोटं. खालून उजेड दिसला पाहिजे. अंगठा सैल केला की खालचा अर्धा गठ्ठा तळहातात पडतो. मग तर्जनीने तो खालून वर ढकलायचा. बस."

बस! सासूच्या नाकी नऊ आले. कॅट हातात घेतला की पाचही बोटं त्याला जळूसारखी चिकटायची. अंगठा सुटायचा नाही, आणि तर्जनी तर पत्त्यांवर चढून वरून दाबूनच बसायची. सून बोट धरून खाली आणायची, सासू "हो, हो, कळलं" म्हणायची, आणि पुढच्याच क्षणी ये रे माझ्या मागल्या.

"आई, तर्जनी!"

"खालीच आहे की!"

"बघा तरी."

सासूने बघितलं. बोट वर. तिचं तिलाच हसू आलं. चाळीस वर्षं सुईपुढचं कापड त्याच बोटाने दाबून धरलं होतं; कापड निसटलं की शिवण वाकडी. त्या बोटाला सोडणं माहीतच नव्हतं.

आठवडाभर हे चाललं. मग एकदा गिऱ्हाइकाच्या कोटावर खडूने खुणा करता करता सासू मध्येच थांबली. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा सासूने पाचही बोटांच्या टोकांना निळा खडू चोळून ठेवला होता.

"अंगावर कोट कुठे ताणतोय ते घालणाऱ्याला कळत नाही, खडूला कळतं," ती म्हणाली. "आण तो कॅट."

प्रत्येक प्रयत्नानंतर दोघी पत्ते उजेडात धरायच्या. वरच्या पत्त्यावर निळा ठपका, म्हणजे तर्जनी चढली. ठसा रुंद, म्हणजे दाब जास्त. सासू दिवसातून वीस वेळा बघायची आणि पुसायची. हळूहळू वरचा पत्ता कोरा राहू लागला. आणि एका सकाळी, चहा उकळत असताना, तिने अंगठा सैल केला, खालचा गठ्ठा तळहातात पडला, तर्जनीने त्याला वर लोटलं, आणि कॅट तिच्या हातात मिटला.

चहा उतू गेला तरी ती आपल्या बोटाकडे बघत होती. या बोटाला नखुरडं झालेलं, सुई आरपार गेलेली, सगळं तिला आठवत होतं. पण हे बोट आज कुणीतरी नव्याने आणून लावल्यासारखं वाटत होतं.

"आता तू लाव खडू," ती सुनेला म्हणाली.

"मी कशाला?"

"लाव तर."

सुनेला एक प्रकार चार वर्षांत जमला नव्हता. एकाच हातात कॅटचे तीन भाग करायचे आणि एकमेकांना वळसा घालून त्यांच्या जागा बदलायच्या. तिचा मधला भाग दर वेळी पडायचा. आपला हातच लहान, असं म्हणून तिने तो नाद सोडला होता. तिने खडू लावून करून दाखवलं, मधला भाग पडला. सासूने सगळ्यात खालचा पत्ता उचलून तिच्यापुढे धरला. कोपऱ्यात निळा फराटा होता.

"करंगळी. खालून टेकू देतेस."

सून बघत राहिली. मग तिने खिशातला मोबाइल काढून हातात धरला. करंगळी आपोआप त्याच्याखाली जाऊन बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

करंगळी काढायला घेतली आणि सुनेचं येत होतं तेही गेलं. कॅट दोन भागांत उघडून मिटायची साधी काटणी करतानाही पत्ते सांडू लागले. तिसऱ्या आठवड्यात तिने कॅट भिंतीवर भिरकावला आणि रडायलाच बसली. "होतं तेच बरं होतं!"

"उसवलेलं कापड कधी बघितलंस?" सासू म्हणाली. "आधीपेक्षा भिकार दिसतं. सगळी भोकं दिसतात. मी रोज बघते." आणि पत्ते वेचायला सुनेच्या शेजारी फरशीवर बसली. वेचता वेचता सून बोलायला लागली: आईबद्दल, दुकानातल्या मालकाबद्दल, शाळेत घामेजलेल्या हातांमुळे पडलेल्या नावाबद्दल. दिवेलागण झाली तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.

पुढे महिना-सव्वा महिना गेला. सासू मशीनवर बाही जोडत होती. सून शेजारच्या स्टुलावर बसून सवयीने हात चालवत होती. सासूची नजर सहज तिकडे गेली. कॅट दुभंगला, मग त्यातला एक भाग पुन्हा दुभंगला, आणि क्षणभर तीन गठ्ठे पाकळ्यांसारखे बोटांवर उभे राहिले. करंगळी बाजूला, कशालाच न शिवता. मधला गठ्ठा इतरांच्या मधून वळला, खाली गेला. सगळं मिटलं. एकही पत्ता पडला नाही.

सासूचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच थांबला. सून स्वतःच्या हाताकडे असं बघत होती, जणू तो शेजारणीचा हात आहे.

सासूने तो हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट वाकवून पाहिलं. साधी बोटं, काचा घासून नखं बोथट झालेली. त्यांत कुठेच काही दिसत नव्हतं.

"कुठून येतं गं हे?" तिने हळूच विचारलं.

"मला नाही माहीत, आई."

सासूने हात सोडला नाही. मशीनच्या सुईखाली अर्धी बाही तशीच दाबलेली राहिली.