एकटी कड उलटत नाही

मी चार त्रिकोणांचं फिरतं कोडं बोलतोय. लोक मला पिरॅमिड म्हणतात. म्हणू देत बापडे! पिरॅमिडचा तळ चौकोनी असतो. माझ्याकडे चारही अंगांनी त्रिकोणच. कसंही ठेवा, एक टोक वर राहणारच. चार टोकं, सहा दुरंगी कडा, एवढाच माझा संसार.

कोचाबाम्बा शहरात नार्दा नावाच्या मुलीच्या हातात मी वाढलो. स्पर्धेत पंचांनी घड्याळाकडे बघेपर्यंत मी जुळलेला असायचो. मग ती बसमधून उतरताना पडली, डोक्याला मार लागला. कितीतरी महिने ती शब्द विसरायची, चिडायची. मी कपाटावर धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं हो मला.

परवा तिच्या आईनं, रेमेदिओसबाईनं, फडकं मारलं आणि मी फरशीवर आपटलो. एक कड, म्हणजे कडेचा दुरंगी तुकडा, निसटून पडली.

"अगं बाई! पोरगी मला फाडून खाईल आता." घाईघाईनं तिनं कड दाबून बसवली, ती नेमकी उलटी. मला ओरडता कुठं येतंय!

आज सकाळी नार्दानं मला उचललं. "आई, हे जुळलं तर सोमवारी कॉलेजात जाते. नाही जुळलं तर माझं नाव काढून टाक. गणिताचं डोकं राहिलं नाही असं समजायचं."

आई जांभळ्या मक्याची गोड पेज, आपी, ढवळत राहिली.

बोटं आधी अडखळली, मग सुटली. सगळं जुळलं, एक कड सोडून. तिचे दोन रंग उलटे. पुन्हा विस्कटलं, पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. नार्दाचे डोळे भरले.

"गेलं गं माझं डोकं, आई."

मग तिनं मला डोळ्यांजवळ धरलं. "थांब, थांब. फिरवताना कडा उलटतात त्या जोडीनंच. एकटी कड उलटूच शकत नाही! कुणी उघडलंय हे?"

आईच्या हातातला चमचा थांबला. "पडलं होतं गं. मीच बसवलं. तू चिडशील म्हणून बोलले नाही."

"वेडी आहेस तू!" नार्दा रडता रडता हसली. नखानं कड उपसून तिनं सरळ बसवली. चारही अंगं एकेका रंगाची झाली.

आता मी तिच्या कॉलेजच्या पिशवीत बसलोय. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद न जुळता पडला असेल, तर स्वतःला मठ्ठ म्हणण्याआधी घरात एकदा विचारा, तो कुणाच्या हातून पडला होता का.