मास्तरांनी लावलेला अर्थ

समुद्रकाठच्या वॉलरू गावात मर्विन ट्रेलोअर यांना कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे म्हणतात मास्तर. शेजारच्या काडिनाच्या शाळेत त्यांनी अर्ध्या पंचक्रोशीला कविता शिकवली, आणि शिकवली म्हणजे काय, तर कवितेतल्या बिचाऱ्या कावळ्यालासुद्धा ‘तू इथे कशाचं प्रतीक?’ असं विचारल्याशिवाय सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर चार माणसं बाग करतात, मासे धरतात. मास्तरांनी अर्थ लावायला नवी जागा शोधली.

ती जागा म्हणजे लॉन बोल्स क्लबाची, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबाची, मागची खोली. दर रविवारी दुपारची जेवणं झाली की तिथे ‘दिवे गेल्यावर’ नावाच्या मालिकेचा एक भाग बघायचा. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, कुठलंतरी नवं यंत्र, आणि शेवटी सगळ्यांचं वाटोळं. पडदे ओढून घेतले तरी त्यांना कसर लागलेली, त्यामुळे जगाचा कितीही भीषण अंत होत असला तरी टीव्हीवर उन्हाचे ठिपके नाचत असायचे. बाहेर हिरवळीवर कुणीतरी गोळा नीट टाकला की टाळ्या पडायच्या, त्याही नेमक्या नको त्या वेळी.

भाग संपला की चहा आणि नोरीनच्या पेस्टी, आत बटाटा-मांस भरलेल्या मोठ्या करंज्याच म्हणा ना. मग प्रत्येकानं गोष्टीचा अर्थ सांगायचा, तोही पुराव्यासकट. “कुठल्या प्रसंगात दिसतं हे?” असं मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं की भल्याभल्यांच्या घशात पेस्टी अडकायची. प्रसंग दाखवता आला नाही तर अर्थ बाद.

तसे अर्थ लावणारे होते तरी कितीसे? क्लेम रोवेट, खेकडे पकडणारा. त्याला कुठलीही गोष्ट त्याच्या कानातल्या मशीनबद्दल वाटायची. नोरीन ज्यूएट क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळायची आणि तिच्या मते प्रत्येक भाग नगरपालिकेवर बेतलेला होता. आणि डल्सी हॅनकॉक.

डल्सीनं गावचं पोस्ट सांभाळलं होतं. बोलायची तीही शिक्का मारल्यासारखं. मास्तर पाऊण तास सत्ता, भाषा, एकाकीपणा करत बसायचे आणि ही बया एका वाक्यात मोकळी व्हायची, “मेला भित्रा होता. झालं.” मास्तर चिडायचे, घरी जाऊन आठवडाभर त्या एका वाक्याशी भांडायचे आणि पुढच्या रविवारी तिच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. तिचा नवरा जाऊन बराच काळ झाला होता, यांची बायकोही. गावात हे सगळ्यांना दिसत होतं. मास्तरांना तेवढं दिसत नव्हतं, म्हणजे दिसत होतं, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

तर अशातच डल्सीनं घर विकलं. बहीण देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑल्बनीला राहायची, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. नोरीननं ही बातमी मुद्दाम डल्सीसमोरच मास्तरांना सांगितली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“छान,” मास्तर म्हणाले. “हवा चांगली आहे तिकडची.”

आता काय म्हणावं या माणसाला! घरी गेले आणि किटलीत पाणी न घालताच ती चुलीवर ठेवून बसले. वास आल्यावर उठले.

डल्सी शनिवारी निघणार होती. मधे एकच रविवार उरला होता. मास्तरांनी ठरवलं की सांगायचं. पण सरळ सांगतील तर ते मास्तर कसले! शहाण्याला शब्दाचा मार, म्हणून त्यांनी शब्दही वापरायचा नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी मालिकेचा एक भाग निवडला.

भागाचं नाव ‘बटण’. त्यातल्या जगात लोक शर्टाच्या कॉलरला एक छोटं बटण लावतात. जे आपल्याला बोलायला जमत नाही ते बटण बोलतं, सांत्वन म्हणा, माफी म्हणा, प्रेम म्हणा. ऑस्कर नावाचा एक लाजरा माणूस. रोज संध्याकाळी त्याचं बटण त्याच्या बायकोशी, विनीशी, दोन गोड शब्द बोलतं आणि संसार सुखाचा चालतो. मग बटणवाली कंपनी बुडते, सगळ्यांची बटणं मुकी होतात. ऑस्कर तोंड उघडतो, पण आवाज फुटत नाही. विनी काही दिवस टेबलाशी बसून वाट बघते आणि एके सकाळी बॅग भरते. ती दारात, तो आ वासून उभा, आणि दार बंद होतं. संपला भाग.

मास्तरांचा बेत असा होता. चर्चेत निघणार की ऑस्करचं प्रेम खरं होतं, फक्त बोलता येत नव्हतं, आणि विनीनं ते ओळखून थांबायला हवं होतं. हे ऐकून शेजारी बसलेली डल्सी काय ते समजेल. दोनदा टिपणं काढून त्यांनी हा पाठ बसवला होता, बिचाऱ्यांनी.

रविवारी भाग झाला, पडदे उघडले, चहा आला.

“हे माझ्या कानातल्या मशीनबद्दल आहे,” क्लेम म्हणाला.

“कंपनी बुडाली आणि दुरुस्तीला माणूस नाही,” नोरीन म्हणाली. “आमच्या गल्लीतला खड्डा बघा जाऊन. अजून काय पुरावा हवाय?”

“डल्सी, तुझं काय?” मास्तरांनी विचारलं.

डल्सीनं पेस्टीवर टोमॅटो सॉस ओतला. “बाईनं बरं केलं. मीही गेले असते.”

मास्तरांनी कप उचलला आणि न पिताच हातात धरून ठेवला. तेवढ्यात देवासारखा क्लेम धावून आला.

“नाही हं, डल्सी,” तो म्हणाला, आणि मास्तरांकडे बघून त्यानं एक डोळासुद्धा बारीक केला. “तिनं जायला नको होतं. म्हातारा जीव टाकत होता तिच्यावर.”

बघा, काय संधी होती! ‘बरोबर बोललास, क्लेम’ एवढंच म्हणायचं होतं. पण आयुष्यभराची खोड. कच्चा अर्थ कानावर पडला की मास्तरांच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

“जीव टाकत होता?” ते म्हणाले. “कुठल्या प्रसंगात?”

क्लेम गडबडला. “डोळ्यांत दिसत होतं की.”

“डोळ्यांत! डोळ्यांत काय, वाटेल ते दिसतं. ठोस दाखव. चहा रोज कोण करतं? विनी. आजारपणात उशाशी कोण बसतं? विनी. गोड बोलतं कोण? तर बटण! ऑस्करनं एकदा तरी तिच्यासाठी खुर्ची ओढली? एकदा तरी विचारलं, तुला काय हवंय म्हणून?” मास्तर उठून उभे राहिले होते. डोळ्यांत जुनी चमक आली होती. “प्रेम होतं हे आपण आपल्या पदरचं घालतोय, क्लेम. गोष्टीत प्रेम नाही. गोष्टीत आहे तो एक सुखावलेला माणूस. बाई शेजारी येऊन बसते याची त्याला सवय झाली होती, दुसरं काही नाही!”

बाहेर हिरवळीवर टाळ्या पडल्या.

“अगदी बरोबर, मास्तर,” डल्सी म्हणाली. “एकही प्रसंग नाही.”

ती उठली, सगळ्यांना म्हणाली, “चला, सांभाळून राहा रे,” आणि पर्स घेऊन निघून गेली. अर्धी पेस्टी तशीच बशीत राहिली.

क्लेमनं कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. पुढचं ऐकायची त्याची इच्छा नव्हती.

“दगड,” नोरीन म्हणाली. “शिकलेला दगड आहेस तू. हवा चांगली आहे म्हणे!”

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही पुराव्यासकट, मुद्देसूद. टोपी न घेता, कप तसाच हातात धरून ते धावत सुटले.

बाहेर मार्चचं कडक ऊन होतं आणि माश्यांनी उच्छाद मांडला होता. गव्हाच्या कोठारांच्या सावलीत डल्सीची गाडी उभी होती. ती किल्ली शोधत होती, आणि मास्तरांनी पाहिलं की तिचे डोळे ओले होते.

“डल्सी, त्या चर्चेला दुसरी बाजूही आहे,” ते धापा टाकत म्हणाले. “ऑस्करच्या दृष्टीनं पाहिलं तर—”

“ऑस्कर गेला खड्ड्यात.”

“हो, म्हणजे, समजा एखादा माणूस असा असतो की त्याला—”

“कुठला माणूस?”

मास्तरांनी एक माशी हाकलली. मग नसलेली दुसरी माशीही हाकलली.

“मी,” ते म्हणाले. “मला तू जायला नको आहेस. तुझ्या जाण्याचं नाव काढलं तरी मला धस्स होतं. जाऊ नकोस, डल्सी.”

डल्सी अशी काही भडकली की काय सांगू!

“आत्ता सुचतंय हे? आत्ता? मी दर रविवारी त्या कोंदट खोलीत तुझ्या शेजारी येऊन का बसत होते असं वाटलं तुला?”

“मालिका... तुला मालिका आवडते म्हणून.”

“मालिका!” डल्सी ओरडली. कोठारावरची कबुतरं उडाली. “अरे, मला ती मालिका अजिबात आवडत नाही! माणसं मरतात, यंत्रं बोलतात, रविवारी मला डोळ्याला डोळा लागत नाही. दिवा लावून झोपते मी, या वयात! आणि तू विचारतोस, कुठल्या प्रसंगात?”

जगातल्या प्रत्येक कावळ्याचा अर्थ लावलेला हा माणूस, इतके रविवार हिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता, आणि ही बाई भीतीनं थरथरत कुणासाठी येते हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

“आता काय उपयोग?” डल्सी जरा शांत होऊन म्हणाली. “उशीर केलास. घर विकलं. शनिवारी चावी द्यायची आहे.”

“माझं नाही विकलेलं,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“घर. माझं आहे अजून. मागची खोली आहे, तिथून समुद्र दिसतो. म्हणजे पुस्तकं हलवली की दिसेल. मी हलवतो. आजच हलवतो.”

“आणि याचा अर्थ काय लावायचा मी, मास्तर?”

“अर्थबिर्थ काही नाही,” मास्तर म्हणाले. “खोली आहे, आणि मी आहे. तुला काय हवंय ते सांग.”

डल्सीनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला, उरलेला चहा रस्त्यावर ओतला आणि कप गाडीत ठेवला.

“मला रविवारी दुपारी उजेडात बसायचंय,” ती म्हणाली. “पत्ते खेळायचेत. कुणी मरायचं नाही, कुणी समजावून सांगायचं नाही.”

“चालेल.”

“बस मग गाडीत. आधी खोली बघते. बहिणीला काय सांगायचं ते नंतर ठरवू.”

मास्तर बसले. गाडी निघाल्यावर खिडकीतून त्यांनी पाहिलं, नोरीन आणि क्लेम क्लबाच्या दारात उभे होते आणि क्लेम कानातलं मशीन घाईघाईनं परत बसवत होता.

“हे दोघं आता काय अर्थ लावतील?” मास्तर पुटपुटले.

“लावू देत,” डल्सी म्हणाली. “तू पुस्तकं किती आहेत ते खरं सांग.”