बकाऊच्या तळ्यावरचा पेशंट

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला एकतीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलेले डॉ. मुरलीधर हर्डीकर २००७ च्या हिवाळ्यात स्वतःच्या घराचा रस्ता दोनदा विसरले. दुसऱ्या वेळी पोलिसांनी त्यांना बसस्टॉपवरून आणलं. पायात घरातल्या सपाता होत्या. त्यांची एकुलती मुलगी अर्चना हिने फेब्रुवारीत दोघांची पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाची आठवड्याची ट्रिप बुक केली. ‘बाबांना जरा ऊन मिळेल,’ असं ती ऑफिसात सांगायची. खरं म्हणजे परतल्यावर त्यांना केअर होममध्ये ठेवायचं तिने ठरवलं होतं आणि घरात बसून ते त्यांना सांगणं तिला जमत नव्हतं.

चार दिवस तिथेही जमलं नाही. पाचव्या दिवशी टॅक्सीवाल्याने त्यांना बकाऊ शहरातल्या मगरींच्या तळ्यावर नेलं. घरांच्या मागेच ते तळं होतं, हिरव्या पानांनी गच्च झाकलेलं. काठावर मगरी उन्हात पसरल्या होत्या. मासे खाऊन त्यांची पोटं भरलेली असतात, पाठीला हात लावा, तोंडाकडे जाऊ नका, असं तिथला गाइड म्हणाला. अर्चनाने बाबांचा हात घट्ट धरला होता. एका जोडप्याने फोटो काढायला कॅमेरा पुढे केला तेव्हा तिने बाबांचा हात सोडला.

वळून पाहिलं तर बाबा नव्हते.

तिची नजर आधी पाण्याकडे गेली. पानांचा थर कुठे फाटलाय का, हे ती शोधत राहिली. “बाबा!” मग का कोण जाणे, तिने हाक मारली, “डॉक्टर हर्डीकर!”

“येस, एक मिनिट,” झाडामागून आवाज आला.

ते शेंगदाणे विकणाऱ्या एका बाईसमोर उकिडवे बसले होते. तिचं पाऊल त्यांच्या मांडीवर होतं. त्यांच्या पाठीमागे दोन हात अंतरावर मोठी मगर जबडा उघडून पडली होती.

“बाबा, हळूच उठा. प्लीज.”

“थांब गं. अंगठ्याला एवढी जखम आहे नि हिला दुखत नाही. शुगर कधी तपासली, विचार.”

गाइडने विचारलं. कधीच नाही. मग त्याने काठी आपटली आणि मगर सावकाश पाण्यात उतरली. अर्चना तिथेच मातीत बसली.

“बाबा, मला नाही होत आता,” ती म्हणाली. “परत गेलो की तुम्हाला दुसरीकडे राहावं लागेल.”

“माहितेय. माहितीपत्रक तुझ्या बॅगेत पाहिलं मी.” त्यांनी पाऊल हलकेच खाली ठेवलं. “तिथल्या बागेला कुंपण आहे ना?”

“आहे.”

“मग बरं. मी निघून जातो गं. माझं मलाच कळत नाही.”

त्या बाईला त्यांनी आपल्याच टॅक्सीतून दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर बसून बाबांनी तीनदा विचारलं, आपण इथे का आलोय? अर्चनाने तीनदा सांगितलं.

एप्रिलमध्ये ते केअर होममध्ये गेले. पहिला महिनाभर ती रोज ऑफिसातून सरळ तिकडे जायची, आणि आत जाण्याआधी पार्किंगमध्ये इंजिन बंद करून पाच मिनिटं गाडीतच बसून राहायची.