हिरवी पावडर

दिगंबर ओव्हाळ म्हणजे कुणाच्या बापाचं ऐकून घेणारा माणूस नव्हे. खडकीच्या कारखान्यात हयात काढली, युनियनच्या मीटिंगा गाजवल्या, बोपोडीतल्या विहाराच्या कमिटीवर बसून भल्याभल्यांची तोंडं बंद केली. अंगारा, ताईत, लिंबू-मिरची असलं काही घेऊन कुणी उंबऱ्याशी आलं, की दारातूनच वाटेला लावायचे. "देव आमच्या वडलांनी छप्पन्न सालीच सोडले. आता तुमचा बाबा कुठं ठेवून घेऊ? माळ्यावर जागा नाही," म्हणायचे. आणि हेच दिगंबरराव रोज सकाळी, अंघोळ झाली की, पेलाभर पाण्यात हिरवी पावडर ढवळून डोळे मिटून प्यायचे! म्हणे हृदयाला बळ येतं. आता काय बोलावं?

हिराबाई, त्यांची बायको, काहीच बोलत नव्हती. तिला बोलायची सोयच राहिली नव्हती.

रिटायर झाल्यावर वर्षभरात दिगंबररावांच्या छातीत धडधड सुरू झाली. बसल्याजागी व्हायची. पेपर वाचताना, दाढी करताना मधेच हात छातीवर जायचा आणि चेहरा पांढराफटक पडायचा. "आत कबुतर शिरलंय गं," म्हणायचे. हिराबाई पाठीवरून हात फिरवत राहायची. दुसरं करणार काय? डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं, ठोक्यांचा ताल बिघडलाय. एक गोळी ठोके आवरायला दिली, दुसरी रक्त पातळ ठेवायला. ताल बिघडला की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर माणूस आडवा होतो, म्हणून ही दुसरी. ती मात्र मोठी नाजूक. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त करायची. "आणि मेथी, पालक, हिरवा पाला फार खाऊ नका, त्यानं या गोळीचा जोर उतरतो," असंही डॉक्टर म्हणाले. हिराबाईनं ते पक्कं ध्यानात ठेवलं. त्या दिवसापासून घरात पालेभाजी औषधालाही उरली नाही.

गोळ्यांनी धडधड बरीच कमी झाली, पण पुरती गेली नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी कबुतर हलायचंच. आणि तेवढ्या फटीतून शर्मिलाताई आत शिरल्या.

शर्मिलाताई म्हणजे विहीणबाई. ओव्हाळांची एकुलती एक चैताली त्यांच्या राकेशला दिलेली. खराडीत रोज एक नवी काचेची इमारत उभी राहत होती त्या दिवसांतली गोष्ट. चैताली आणि राकेश दोघंही तिथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर. शर्मिलाताई शाळेत शिक्षिका होत्या, आता घरी बसवेना म्हणून एका परदेशी कंपनीच्या पावडरी आणि कॅप्सूल विकायच्या. आपण घ्यायचं, चार माणसांना घ्यायला लावायचं, त्यांनी पुढं आणखी चौघांना, असा तो कारभार. पण बाई वाईट नव्हत्या हो! वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. चैताली अमेरिकेचे कॉल संपवून दमूनभागून यायची, तेव्हा या बाई तव्यावरची पोळी तिच्या ताटात टाकायच्या. आता तर चैतालीला दिवस गेलेले. शर्मिलाताई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या.

एका रविवारी त्या लॅपटॉप घेऊन बोपोडीला आल्या. "दादा, हा काही अंगारा-धुपारा नाही. हे सायन्स आहे," म्हणाल्या. पडद्यावर हृदयाचं रंगीत चित्र, वर चढत गेलेल्या रेघा, पांढरा कोट घातलेला कुणी गोरा माणूस. झालं! बाबा-बुवांना दारातून हाकलणारा माणूस सायन्स म्हटल्यावर हात बांधून बसला. चष्मा पुसून पुसून बघत होते.

"गोळ्या बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही हं," शर्मिलाताई म्हणाल्या. "गोळ्यांच्या जोडीला घ्या. डॉक्टरांना तेवढं सांगू नका. त्यांना हे शिकवलेलंच नसतं, उगाच चिडतात."

हिराबाईनं त्याच संध्याकाळी चैतालीला फोन लावला. "अगं, तुझ्या सासूबाईंना सांग ना, यांची औषधं आधीच नाजूक आहेत."

"आई, प्लीज," चैताली म्हणाली. "माझ्यासाठी त्या किती करतात तुला माहितीये. त्यांना नाही म्हणू नकोस. पावडरच तर आहे, पप्पांना होऊन होऊन काय होणारे?"

मुलीचं सुख ज्या बाईच्या हातात, तिच्या हातचा डबा परत कसा करायचा? हिराबाईनं डबा फळीवर ठेवला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर रिपोर्ट बघून कोड्यात पडले. "गोळीचा जोर का पडत नाहीये? पालेभाजी वाढलीय का?"

हिराबाईनं तोंड उघडलं, तोच टेबलाखाली दिगंबररावांची चप्पल तिच्या पायावर आली. "छे हो! आमच्या घरात मेथीचं पान दिसत नाही. हिला विचारा," ते म्हणाले. तिनं मान हलवली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं, पुन्हा वाढवली.

परत येताना रिक्षात हिराबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिरवी पावडर! घरी येऊन तिनं डबा फिरवून पाहिला. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण डब्यावर चित्रं होती, आणि ती सगळी पानांचीच होती. "अहो, हा पालाच आहे वाळवलेला. डॉक्टर नको म्हणतात तोच तुम्ही रोज सकाळी पिताय," ती म्हणाली.

"वा! आता तू डॉक्टर झालीस," दिगंबरराव म्हणाले. "दाराला पाटी लावून घे. वेळ दहा ते एक, रविवार बंद."

असल्या माणसापुढं डोकं फोडून घेऊन उपयोग काय? हिराबाईनं डोकं फोडलं नाही, चालवलं. दुसऱ्या दिवशी ते विहारात गेल्यावर तिनं डबा मोरीत रिकामा केला. स्वच्छ धुतला, पुसला, आणि त्यात सातूचं पीठ भरलं. बर्फीत घालतात तो हिरवा खायचा रंग त्यात चिमूट चिमूट मिसळत गेली, अगदी तोच रंग येईपर्यंत. सकाळी दिगंबररावांनी पेला तोंडाला लावला. ती दाराआडून बघत होती.

"चव सुधारलीय यांची," दिगंबरराव म्हणाले. "अमेरिकेत कुणीतरी तक्रार केली असणार."

हिराबाई स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून हसली. किती दिवसांनी हसली! नवऱ्याचा मान राहिला, विहीणबाईंचा राहिला, लेकीचा संसार राहिला, आणि पाला तेवढा गेला. याहून शहाणपणा तो काय असतो?

आणि गंमत बघा, धडधड खरंच थांबली. ती गोळीनं थांबली की आपणहून, कुणाला ठाऊक? दिगंबररावांनी मात्र श्रेय देऊन टाकलं. खराडीला शर्मिलाताईंच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पावडरवाल्यांचा मेळावा होता. तरणी तरणी पोरं-पोरी, गळ्यात आपापल्या ऑफिसची ओळखपत्रं, शनिवार असूनही ती काढायची कुणाला आठवण नाही. दिगंबरराव इस्त्रीचा शर्ट घालून माइकपुढं उभे राहिले. "मी विज्ञान मानणारा माणूस आहे," म्हणाले. "माझ्या छातीतलं कबुतर या पावडरीनं उडवलं." टाळ्यांचा कडकडाट. सातूच्या पिठाला टाळ्या! हिराबाई मागच्या खुर्चीत बसून हसू दाबत होती.

हसता हसता तिची नजर त्यांच्या हातावर गेली. माइक धरायला हात वर गेल्यानं बाही सरकली होती आणि दंडावर भलामोठा काळानिळा डाग होता.

"हे कधी लागलं?" खाली येताच तिनं विचारलं.

"लागलं असेल कपाटाला. ब्रश केला की हिरड्यांतूनही येतंय जरासं. वय झालं."

शर्मिलाताई शेजारीच होत्या. "घाबरू नका ताई, शरीरातली घाण बाहेर पडतीये. सुरुवातीला होतं असं. म्हणजे पावडर लागू पडतीये."

पावडर लागू पडतीये! पावडर तर त्यांच्या पोटात जातच नव्हती. मग हे काय आहे? त्याच क्षणी बोलायला हवं होतं हिराबाईनं. पण हॉल भरलेला, टाळ्या अजून कानात, चैताली पोटावर हात ठेवून समोर बसलेली, शर्मिलाताईंचा चेहरा आनंदानं फुललेला. आत्ता सांगायचं, की तुमचा डबा मी मोरीत ओतला? सोमवारी तपासणी होतीच. सोमवारी डॉक्टरांना एकटीनं गाठून सगळं सांगू, असं तिनं ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं.

रविवारी सकाळी दिगंबरराव चहा पिता पिता म्हणाले, "डोकं फार ठणकतंय गं." पुढं काहीतरी बोलले, पण त्याचे शब्द झाले नाहीत. कपबशी हातातून निसटली आणि ते उजव्या अंगावर कलले.

हॉस्पिटलमध्ये मेंदूचा फोटो काढला. गुठळी नव्हती, मेंदूत रक्त उतरलं होतं. रोजचे डॉक्टर धावत आले, रक्ताचा रिपोर्ट पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "इतकं पातळ? गेल्या महिन्यात नवीन काही सुरू केलं होतं का?"

"नवीन काहीच नाही," शर्मिलाताई घाईघाईनं म्हणाल्या. राकेश आणि चैताली त्यांच्या मागं उभे होते.

"मग काही बंद केलं का?"

हिराबाई पुढं झाली. मग ती बोलली. डबा, पाला, मोरी, सातूचं पीठ, हिरवा रंग, सगळं बोलली. विहिणीसमोर, जावयासमोर, पोटुशा लेकीसमोर.

डॉक्टर ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती पावडर पोटात जात होती म्हणून गोळी लागू पडत नव्हती. म्हणून मी वाढवत गेलो. तुम्ही पावडर बंद केलीत आणि गोळी वाढवलेली तशीच राहिली. तुम्ही बंद केलंत ते बरोबरच केलंत, मावशी. फक्त मला सांगायला हवं होतं."

बरोबरच केलंत! शर्मिलाताईंनी हिराबाईला मिठी मारली आणि ढसाढसा रडायला लागल्या. "चूक माझी आहे ताई, माझी आहे," म्हणत राहिल्या. हिराबाईला त्यांना ढकलून द्यायचं होतं, त्यांच्या गळ्यात पडायचंही होतं. तिला दोन्ही जमलं नाही. चैताली मात्र जवळ आली नाही. आईकडं बघत भिंतीला टेकून उभी राहिली.

जीव वाचला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. यांना समजतं का, असं हिराबाईनं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, थोडं समजत असेल, किती ते सांगता येत नाही. महिन्याभरानं घरी आणलं. गोळ्या कुटून, पाण्यात कालवून चमच्यानं द्यायच्या होत्या. ते काम हिराबाईनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

एका दुपारी घरात दोघंच होती. ती खाटेच्या काठावर बसली, त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि त्यांना सगळं सांगितलं. "मी फसवलं तुम्हाला. तुमच्या भल्यासाठी फसवलं हो, पण फसवलं. डॉक्टरांना नाही सांगितलं. डाग दिसला तेव्हाही नाही सांगितलं. तुमचं काहीच चुकलं नाही, तुम्ही दिलं ते वेळच्या वेळी घेतलंत. काहीतरी बोला. निदान रागानं बघा माझ्याकडं."

दिगंबरराव तिच्याकडं बघत राहिले. ती इतक्या जवळ वाकून बोलतेय, म्हणजे औषधाची वेळ झाली असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हळूच तोंड उघडलं आणि तसंच उघडं धरून वाट बघत राहिले.

"आत्ता नाही हो. गोळी रात्री आहे," ती म्हणाली. त्यांनी तोंड मिटलं नाही. तिनं परत सांगितलं, हातानं हनुवटी वर उचलून पाहिली, तरी नाही. डोळे तिच्या तोंडाकडं, अगदी विश्वासानं लागलेले.

शेवटी तिनं चमच्यात नुसतं पाणी घेतलं आणि त्यांना पाजलं. ते गिळून त्यांनी समाधानानं डोळे मिटले.