शिंपल्यांची माळ

ऑस्ट्रेलियातलं गुंगालिन गाव सोडून सिडनीच्या रस्त्याला लागलं की पेट्रोल पंपाशेजारी ‘कोरल हट’ दिसतं. बांबूचा बार, झावळ्यांचं छत, दाराशी जबडा पसरून उभा असलेला लाकडी देव. पॅसिफिक बेटांचं हे सोंग काही अँथनीचं नव्हे. एका गोऱ्या जोडप्याने एकाहत्तर साली थाटलेलं हे हॉटेल अँथनी आणि त्याची बायको जर्ट्रूड यांनी पुढे विकत घेतलं आणि अठ्ठावीस वर्षं रक्ताचं पाणी करून चालवलं.

गिऱ्हाईक आलं की अँथनी त्याच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घालायचा. लोक त्याला ‘आयलंडर टोनी’ म्हणत. तो प्रत्येकाला सांगायचा, “मी वसईचा. मुंबईजवळची वसई.” लोक हसत, त्याची पाठ थोपटत आणि पुन्हा विचारत, ताहितीत थंडी पडते का? अँथनी म्हणायचा, “नो वरीज,” म्हणजे काही हरकत नाही. ते ऐकून जर्ट्रूडच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात भारतातल्या साथीची दृश्यं टीव्हीवर दिसू लागली आणि अख्ख्या गावाला अँथनीची वसई आठवली. टेबलं ओस पडली. दोघं सहा वर्षांत वसईला गेली नव्हती. जायचं म्हटलं तरी विमानं बंद होती. पण अक्कल गहाण टाकलेल्यांना कोण सांगणार!

गावच्या इतिहास मंडळाची ग्लेंडा दर रविवारी इथे जेवायची. हॉटेलच्या पन्नाशीचं जेवण मंडळ इथेच देणार होतं, त्याचं बोलायला ती आली. अँथनीने सवयीने माळ उचलली. ग्लेंडा झटकन मागे सरकली.

“आज नको, मेट. तुमच्या इंडियात काय चाललंय, बघतोयस ना? जेवण इथेच करू, पण स्वयंपाकाला बाहेरची माणसं आणू. तुम्ही दोघं त्या दिवशी घरीच राहा.”

जर्ट्रूडच्या अंगाचा तिळपापड झाला. कार्य आपल्या घरचं, आणि आपल्यालाच दाराबाहेर! हा आता ‘नो वरीज’ म्हणाला, तर याच्याशी जन्मात बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

“तू गावाचा इतिहास लिहितेस, त्यात आमच्याबद्दल काय लिहिलंयस?” अँथनीने विचारलं.

“लिहिलंय ना, गोड आयलंडर कुटुंब.”

“अठ्ठावीस वर्षं वसई वसई सांगतोय, ते तुला ऐकू आलं नाही. आजार आला, तेव्हा बरं ऐकू आलं! जेवण दुसरीकडे करा. इथे होणार नाही.”

ग्लेंडाची गाडी निघून गेली. माळ अजून अँथनीच्या हातातच होती.

“जेवण होणार, आपणच करू,” जर्ट्रूड म्हणाली. “पन्नाशी आपल्या हॉटेलची आहे.”

तिने माळ घेतली आणि त्याच्या गळ्यात घातली. इतक्या वर्षांत ती त्याला कुणीच घातली नव्हती.