मनोऱ्यापासूनची पावलं

पिशवीत दोन बनियन, एक टॉवेल, साबणाच्या तीन वड्या, बारा कोरी पोस्टकार्डं आणि एक मऊ चादर होती. भेटीच्या खिडकीवरच्या शिपायाने एकेक वस्तू उलटीपालटी करून पाहिली, वहीत दादाचा नंबर शोधला आणि सगळं परत पिशवीत कोंबलं.

"भेट बंद आहे याची. दोन महिने."

"आजारी आहे का?" आईने विचारलं.

"ठणठणीत आहे. साहेबांना भेटा."

दादाला आत जाऊन दीड वर्ष झालं होतं. गोदामातल्या भांडणात त्याने लोखंडी दांडा उचलला आणि समोरचा माणूस गेला. सात वर्षांची शिक्षा. पहिल्या वर्षात तो हळूहळू बोलेनासा झाला. काचेपलीकडे बसायचा, फोन कानाला लावायचा आणि आमच्या मागच्या भिंतीकडे बघत राहायचा. आई घरी येऊन म्हणायची, "माणूस आहे, पण आत कोणी नाही."

मी भौतिकशास्त्र शिकलेली. धीर देणारी पत्रं मला जमत नाहीत, म्हणून मी त्याला काम दिलं. सकाळी अकराला त्यांना मैदानात सोडतात. तिथल्या एखाद्या उभ्या वस्तूची सावली रोज त्याच वेळी पावलांनी मोज आणि मला कळव, असं भेटीत सांगितलं. वस्तू जितकी उंच तितकी मोजण्यातली चूक कमी, हेही सांगितलं. मैदानात सगळ्यात उंच पहाऱ्याचा मनोरा होता.

तीन आठवड्यांत दादा बदलला. पत्रांत आकड्यांचे रकाने येऊ लागले. एकदा ढग होते तर त्याने रागाने लिहिलं, 'आज वाया गेला.' भेटीत तर वेळ संपल्याची घंटा झाली तरी थांबेना. पाऊल प्रत्येक वेळी सारखं पडतं कशावरून, मग टाचेला बोट लावून मोजू का, बराकीतले दोघे पैजा लावतात, एक म्हणतो याला याड लागलंय. आई त्या दिवशी घरी आल्यावर चहा पिता पिता मध्येच हसली होती.

साहेबांच्या टेबलावर आमच्या पत्रांच्या नकला टाचणी लावून ठेवल्या होत्या. काही ओळींखाली लाल रेघ होती. त्यांनी चष्मा चढवून वाचलं, "'मनोरा, अकरा वाजता, अकरा पावलं. मनोरा, अकरा वाजता, साडेअकरा पावलं.' हे तुमच्या भावाचं. आता तुमचं ऐका. 'भिंतीपर्यंत पोचायला अजून साधारण चाळीस दिवस. घाई करू नकोस, कुणी हसलं तरी रोज मोजत राहा.'"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"ती सावली आहे," मी म्हणाले. "थंडीकडे लांबत जाते. समोरच्या भिंतीला कधी टेकेल, त्याचा अंदाज आहे तो."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी आलेख काढला, सूर्याचा कोन काढून दाखवला, पुढच्या सात दिवसांचे आकडेही लिहून दिले. ते खरंच लक्ष देऊन बघत होते.

"म्हणजे पळून जायचा बेत नाही?"

"नाही."

"मग 'सावली' असं लिहायचं की हो, ताई."

"आम्हा दोघांना माहीत होतं."

"आम्हाला नव्हतं ना." त्यांनी कागदाची घडी घातली. "मला पटलं, अगदी शंभर टक्के पटलं. पण अहवाल वर गेलाय. त्याला वेगळ्या कोठडीत हलवलंय, मैदान बंद. चौकशी दोन महिन्यांच्या आत काही आटपत नाही. चादर ठेवून जा, तेवढी पोचवतो."

बसमध्ये आई खिडकीशी बसली. चार थांबे गेल्यावर म्हणाली, "एवढी शिकलीस. एक शब्द लिहायला हात मोडला होता तुझा?"

कोष्टकात मथळा एकदाच द्यायचा असतो. मी तो पत्रात नाही, भेटीत दिला होता.

त्या दोन महिन्यांत मी सहा पत्रं पाठवली, आकडा एकही न घालता. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली, आईचा गुडघा बरा आहे, माझी प्रयोगशाळेतली नोकरी पक्की झाली. उत्तर आलं नाही.

दोन महिने पूर्ण झाले त्या आठवड्यात भेट मिळाली. दादाने केस अगदी बारीक कापले होते. उजेडाकडे तोंड आलं की डोळे किलकिले करायचा. आईने आधी फोन घेतला.

"कसा आहेस रे?"

"बरा आहे."

"नीट जेवतोस ना?"

"जेवतो."

मग ती मांजरीचं सांगत राहिली, गुडघ्याचं सांगत राहिली. तो आमच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. शेवटी तिने फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "चुकलं माझं, दादा. साहेबांना आता सगळं कळलंय. मैदान पुन्हा सुरू झालं की आपण त्यांना आधी सांगून, नीट लिहून..."

"नको. परत काही लिहू नकोस."

त्याने फोन खाली ठेवला, पण उठला नाही. घंटा होईपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.

भेट पंधरा मिनिटं चालली. दादा आठ शब्द बोलला. तीन आईशी, पाच माझ्याशी.